नेग्रोवरचा कवडसा

२८ मे

आज वर पोचलो. कोलोरादोचा माथा खालून दिसतो तितका टोकदार नाही. तंबू, दगडांचा आडोसा आणि आरशाची तिपाई मावते, शिवाय आळस द्यायला हात पसरता येतात. इंजिनियर स्कार्पाने हवा लिहायला एक वही दिली आहे, वारा कुठून, ढग किती. ती सरकारी. ही माझी, हिच्यात मी वारा लिहिणार नाही.

काम शेळ्या राखण्यापेक्षा सोपं आहे. स्कार्पा मधल्या ब्लांको डोंगरावर दुर्बीण लावून बसणार. मी इथे, आणि तोरिबिओ मिठाच्या मैदानापलीकडे नेग्रोवर. दोघांनी आरशातून उन्हाचा कवडसा ब्लांकोवर पाडायचा. स्कार्पा दोन कवडशांमधला कोन मोजणार आणि त्यावरून राजधानीत कोणीतरी आमच्या या पुना पठाराचा नकाशा काढणार. सूर्य सरकेल तसा आरसाही सरकवत राहायचं, म्हणून तिथे माणूस लागतो. "आरसा आपोआप चमकत नाही," स्कार्पाने खाली पुन्हा पुन्हा बजावलं. "कवडसा दिसला म्हणजे माणूस जागेवर आहे. नाही दिसला म्हणजे झोपलाय. मला इथे बसून सगळं कळतं."

डोंगराच्या पायथ्याशी वाटा फुटल्या तिथे तोरिबिओने नेहमीसारखी बडबड लावली. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा होतो, म्हणून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे. नाहीतर या माणसाला मी वीस पावलांवरूनच नमस्कार करून पुढे गेलो असतो.

"कोंपाद्रे, वर भांडशील कोणाशी रे?"

"कोणाशी नाही. म्हणून तर चाललोय."

"मग मी रोज सकाळी तुझ्या तोंडावर एक कवडसा मारीन. तोंड न धुता बसला असशील तर दिसेल मला."

"आरसा सरकारी आहे."

"ऊन नाही ना सरकारी!"

आमचा शिधा लामांवर लादून आणणारी सेनोविया इतकी हसली की तिचे लामा बिचकले. मी हसलो नाही. मला शांतता हवी होती, ती आता मिळाली आहे.

३ जून

सकाळी ब्लांकोवरून स्कार्पाचा कवडसा येतो, मी उत्तर देतो आणि दुपारपर्यंत आरसा फिरवत बसतो. वारा सुटला की काम बंद. मग काही नाही. बायको गेल्यापासून मला वाटायचं की एकटेपणाची मला सवय आहे. पण घरी शेळ्या होत्या, शेजारी होते, कोणाचं तरी कुत्रं होतं. इथे पक्षीही फिरकत नाही. काल बऱ्याच वेळाने बोललो, तर आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला.

तोरिबिओने शब्द खरा केला. काम सुरू व्हायच्या आधी, कधी उजाडताच, कधी बऱ्याच उशिरा, नेग्रोवरून माझ्याकडे कवडसा येतो. हाताने झाकतो, उघडतो, झाकतो. तीन छोटे, एक लांब. कधी नुसताच लपलप, लपलप, जत्रेतल्या ढोलावर टिपऱ्या पडाव्यात तसा. मी दोनदा झाकून उत्तर देतो. त्याचा अर्थ "पुरे".

७ जून

आज तोरिबिओचा कवडसा आला नाही तोवर चूल पेटवायचं सुचलं नाही. हे मी त्याला कधीही सांगणार नाही.

११ जून

स्कार्पा दोन दिवस गप्प का, ते सेनोवियाने आणलेल्या निरोपातून कळलं. दुर्बिणीच्या भिंगात उभा-आडवा कोळ्याचा धागा ताणलेला असतो, तो तुटला.

"नवा धागा ओवायला साहेब साल्ता शहरात गेलेत," सेनोविया म्हणाली. "इथे कोळीसुद्धा राहत नाही म्हणून. तुम्ही दोघांनी जागा सोडायची नाही. ते येतील तेव्हा ब्लांकोवरून चमकेल."

"येणार कधी?"

"ते कोळ्याला विचारा."

ती आधी नेग्रोला जाऊन आली होती. नेग्रो तिला लांब पडतो, म्हणून तिथे चार्कीचं वाळलेलं मांस आणि मक्याचं पीठ दुप्पट ठेवून आली.

"तोरिबिओने निरोप दिलाय, ताता. म्हणाला, त्या म्हाताऱ्या लामाला सांग, तू जांभई देतोस तेव्हा तुझा एकुलता दात इथवर चमकतो."

"त्याला म्हणावं, तुझं तोंड मिटलेलं असतं तर मला इथवर ऐकू आलं नसतं."

"पुढच्या खेपेला सांगते," ती म्हणाली. ती उतरून दिसेनाशी होईपर्यंत मी कड्यावर उभा होतो.

१५ जून

एकुलता नाही, पण मोजकेच दात उरलेत, आणि त्यातला एक काल सुजला. रात्रभर कोकाची पानं चावून तिथे दाबून धरली. सकाळी तंबूच्या फटीतून नेग्रोचा कवडसा आत आला. लपलप, लपलप. मी उठलो नाही. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. मग एकसारखा धरून ठेवला, जणू मी उत्तर देईपर्यंत हलणारच नाही. म्हटलं, धर. माझं काही कालच लग्न झालेलं नाही की कोणी रोज सकाळी माझी विचारपूस करावी. पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

१६ जून

सूज उतरली. आडोशाची सावली पाण्याच्या पिंपाला टेकली तेव्हा नेग्रोवरून कवडसा आला. लपलप नाही, टिपऱ्या नाहीत. सरळ, स्थिर, थोडा वेळ, आणि गेला. मी धावत आरशाशी जाईपर्यंत संपलाही होता. तरी मी दोनदा झाकलं. मग आणखी दोनदा. उत्तर नाही.

रागावला आहे.

१८ जून

पुन्हा तसाच. सावली पिंपाला टेकली की येतो, सरळ, एकदाच. लग्नाच्या दिवशी हा माणूस इतका उशिरा आला होता की पाद्री खेचरावर बसून निघाला होता, त्याला वाटेतून वळवून आणावं लागलं. आणि आता कारकुनासारखा वेळेवर. राग आला की तोरिबिओ असा होतो हे मला माहीत नव्हतं. त्याला राग आलेला मी कधी बघितलाच नाही.

आज मी आरशाशी आधीच जाऊन बसलो होतो. त्याचा कवडसा येताच तीन छोटे, एक लांब, त्याचीच खूण त्याला परत केली. काही फरक नाही. बरं बाबा, चुकलं माझं. दात दुखत होता. हे आरशाने कसं सांगायचं?

२० जून

सेनोविया या वेळी आधी माझ्याकडे आली. तिचा पुढारी लामा लंगडतो आहे. बटाट्याचे वाळवलेले तुकडे, मीठ, कोका उतरवून ती दगडावर बसली आणि नेग्रोकडे बघत राहिली.

"तिकडे जायचं तर सगळ्या मैदानाला वळसा, ताता. हा असा लंगडा. घरी पोचेस्तोवर सान हुआनचा सण होऊन जाईल. आई एकटी, मेंढ्यांची पूजा कोण करणार? पण तोरिबिओ..."

"त्याच्याकडे दुप्पट आहे म्हणालीस ना?"

"आहे. महिनाभर पुरेल. ठीक आहे ना तो?"

"ठीक नसायला काय झालं? आज सकाळीच कवडसा आला त्याचा."

"रोज येतो?"

"रोज. ठरल्या वेळी."

"ठरल्या वेळी? तोरिबिओ?" ती हसली. "डोंगराने माणूस सुधारला म्हणायचा! दोमितिलाला सांगते, नवरा चार महिने तिथेच ठेव."

"माझ्यावर रुसलाय जरा. बाकी काही नाही."

"मग तुमच्या शब्दावर जाते मी," ती म्हणाली, आणि लामांना शीळ घालून घराच्या वाटेला लागली. जाताना तिला खूप हलकं वाटत होतं, ते चालीवरून दिसत होतं. मलाही बरं वाटलं. कोणाच्या तरी उपयोगी पडलो.

२२ जून

या दिवसांत सूर्य खुंटीला बांधलेल्या जनावरासारखा असतो. रोज त्याच सुळक्यामागून उगवतो, रोज त्याच वाटेने जातो. आडोशाची सावली पिंपावरच्या त्याच पोचाला टेकते. सान हुआन झाला की दावं सुटतं, असं आई म्हणायची. तोरिबिओचंही तसंच चाललंय, त्याच पोचाला, तेवढाच वेळ. बांधून घातल्यासारखा.

२३ जून, सांज

आज सान हुआनचा जाळ. खाली प्रत्येक घरापुढे पेटला असेल. मी पेटवणार नव्हतो. यारेताचं सरपण वर वाहून आणायला जीव जातो, ते स्वयंपाकालाच पुरत नाही. पण अंधारू लागलं आणि नेग्रोच्या अंगावर लाल ठिपका दिसला. माथ्यावर नाही, जरा खाली, माझ्या बाजूला. बघता बघता मोठा झाला.

मी ओरडलो. खरंच ओरडलो, "कोंपाद्रे!" म्हणून. मग होती तेवढी यारेता, तोलाची झुडपं, पिठाची पेटी, सगळं रचलं आणि पेटवलं. त्याचा जाळ खाली बसला, माझा वर चढला, तसा त्याचा पुन्हा भडकला. मी पोतं टाकलं. त्याचा विझत आला, आणि पुन्हा उठला! हा माणूस वेडा आहे, उद्या कच्चं पीठ खाणार आहे. चार थेंब दारू धरणीला दिली, चार मी घेतली. या सगळ्या ओसाडीत आज आम्ही दोघेच जागे होतो आणि एकमेकांना दिसत होतो. बायको गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

राग गेला त्याचा.

२४ जून

कवडसा आला. सरळ, एकदाच. मी खूप वेळ लपलप केली, अगदी पोरांसारखी. उत्तर नाही. मग कालचं काय होतं? सणाला राग बाजूला ठेवला आणि आज पुन्हा उचलला? कमाल आहे.

२९ जून

कवडसा आता फिकट येतो आणि लगेच जातो. एखाद्याने नाइलाजाने हात वर करावा तसा. कंटाळला असेल. मीही कंटाळलोय. सरपण नाही, पीठ थंड पाण्यात कालवून खातो. खाली गेलो की त्याच्याकडे आपणहून जाईन, त्याच्या दारात बसेन आणि त्याला हवं तेवढं बोलू देईन. एक अख्खा दिवस. दोमितिला साक्षीला.

१ जुलै

आज नुसती चमक. होती की नव्हती, सांगता येत नाही.

३ जुलै

काल नाही, आज नाही. आभाळ स्वच्छ आहे, नेग्रोचा दगड न् दगड दिसतोय. सावली पिंपाला टेकली, पुढे गेली. मी आरशामागे बसून राहिलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आरसा आपोआप चमकत नाही. नाही दिसला म्हणजे झोपलाय. दोन दिवस कोण झोपतं?

आजारी असेल. माझ्यासारखा दात सुजला असेल. जागा सोडायची नाही असा हुकूम आहे. गेलो आणि नेमका त्याच दिवशी स्कार्पा आला, तर सगळा हंगाम माझ्यामुळे बुडेल. न गेलो तर? काय करावं कळत नाही.

४ जुलै, मिठाच्या मैदानाच्या कडेला

स्कार्पा आला. सकाळी ब्लांकोवरून कवडसा माझ्यावर पडला, मी उत्तर दिलं. मग त्याने तो नेग्रोकडे वळवला. मला बाजूने नुसती चमक दिसत होती. तो बोलावतोय, पुन्हा बोलावतोय. नेग्रो काळाच. मग माझ्याकडे वळून लांब, लांब, लांब. "जागेवर थांब."

मी पाण्याची पिशवी भरली. निघायच्या आधी वाटलं, निदान साहेबाचं अगदीच नुकसान नको. आरसा ब्लांकोकडे लावून स्क्रू गच्च आवळून ठेवतो. उद्या सूर्य फिरून याच जागी येईल तेव्हा क्षणभर तरी कवडसा पडेल. परवाही पडेल. इथे मी असो वा...

आणि माझा हात स्क्रूवर तसाच राहिला.

सूर्य बांधलेला होता. सान हुआनच्या अलीकडे पलीकडे रोज त्याच वाटेने जात होता. मी स्वतःच लिहिलंय वर. आता दावं सुटलं, सूर्य सरकला, कवडसा गेला. तो रोज सकाळी माझ्याशी रागाने वागत नव्हता. तिथे कोणी नव्हतंच. पंधरा तारखेला त्याने माझ्याकडे धरलेला आरसा तसाच उभा आहे.

मग जाळ कोणी केला? जाळ तर माणूस करतो. म्हणजे तोवर होता. म्हणजे अजूनही असेल. चालायला लागतो.

७ जुलै

वर पोचायच्या आधीच हाका मारत होतो. तंबू जमिनीवर आडवा पडला होता, वाऱ्याने पडतो तसा नाही, सपाट. कापड उचललं तर तोरिबिओ खाली होता. अंगावर होतं नव्हतं ते सगळं ओढून घेतलेलं. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळलेला, त्याला दोरीने बांधायचा प्रयत्न केलेला. चेहरा शांत वगैरे नव्हता. तोंड मिटलेलं होतं. त्याचं तोंड मिटलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

बर्फ आणायच्या घळीत त्याचं भांडं पडलं होतं. तिथून तंबूपर्यंत तो सरपटत आला, ते खडीवर अजून दिसतं. तंबूपासून आरसा चार उड्यांवर, पण मध्ये कातळ आहे, एका पायाने चढण्यासारखा नाही. म्हणून तो माझ्या बाजूच्या खालच्या सपाटीवर सरपटत गेला आणि तिथे जाळ केला. राखेत पेटीचे खिळे आहेत, खोगिराच्या कड्या आहेत, तंबूच्या खांबांची लोखंडी टोकं आहेत. सान हुआनला कोणी तंबूचे खांब जाळत नाही. जूनच्या थंडीत, या उंचीवर, कोणीही जाळत नाही. एकदा विझला, पुन्हा काहीतरी टाकलं, पुन्हा टाकलं. आणि पलीकडून मी पोतं टाकत होतो, नाचत होतो.

सेनोविया माझ्याकडे आली तेव्हा तो जिवंत होता.

आरशापाशी गेलो. स्क्रू गच्च आवळलेला होता, बाजूंनी दगड लावलेले. पाण्याला जाऊन येईतो मी उठलो तर मला दिसावा म्हणून तसाच धरून ठेवला असेल. नेम धरायच्या भोकाला डोळा लावला. बरोबर मध्ये कोलोरादो. माझा आडोसासुद्धा दिसतो.

९ जुलै

स्कार्पा आला, बरोबर दोन माणसं. मी जागा सोडल्याबद्दल तो काही बोलला नाही. टोपी काढून उभा राहिला, मग दगड उचलू लागला. तरणा आहे, दम लागून तोंड निळं पडलं, तरी थांबला नाही. तोरिबिओला नेग्रोवरच ठेवला. कोका वाहिली, दारू शिंपडली. स्कार्पा म्हणाला, नकाशावर या जागेची खूण राहील. मी म्हटलं, राहू दे.

१६ जुलै

आज दोमितिलाकडे गेलो. बातमी चार दिवसांपूर्वीच पोचली होती. ती दाराशी बसून लोकर कातत होती, थांबली नाही. माझी धर्मकन्या माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. मी वाटेने येताना वाक्य जुळवून आणलं होतं. सेनोवियाला मी तो ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि जाळ दिसला तेव्हा मला कळलं नाही. एवढंच. तेवढं बोललो की मग तिने मला हाकललं तरी चालणार होतं.

तिनेच आधी विचारलं. "कोंपाद्रे, सान हुआनला जाळ केला होता का त्यांनी?"

"केला होता."

"मोठा?"

"मोठा. तीनदा भडकला."

तिची चाती थांबली. "दर वर्षी तस्सेच. आमचा जाळ सगळ्यांच्या वर गेला पाहिजे म्हणून माझी खाटसुद्धा टाकली होती एकदा. तुम्हाला दिसला तिकडून?"

"दिसला."

"मग? तुम्ही केलात ना उलट?"

"केला," मी म्हणालो. "होतं नव्हतं ते सगळं जाळलं."

तेव्हा ती रडली. चार दिवस रडली नव्हती, असं नंतर तिची बहीण म्हणाली. तिने माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. "मग सणाच्या दिवशी एकटे नव्हते ते," ती म्हणाली. "एवढीच धास्ती होती मला, की त्यांना कोणी बघितलंच नाही. देव तुमचं भलं करो, कोंपाद्रे."

वाक्य तोंडात तयार होतं. तोंड उघडलंही. तिने त्यात गरम मक्याचा घास दिला, पोरीला म्हणाली, बघ, हे होते तुझ्या बाबांबरोबर. मी गिळलं. तिने आणखी वाढलं, तेही खाल्लं.

निघताना दारापर्यंत आली. "पुढच्या सान हुआनला इकडेच या. घरात आता पुरुष नाही. आमचा जाळ तुमच्याच हातून पेटू दे."

हो म्हणालो.